अकरावीचा फॉर्म (बी विंग, देवपूर)

वहिनी बी-२०३: नमस्कार. छोटीचा अकरावीचा पसंतीक्रम आज रात्री भरायचाय. तिला व्हेटरनरीच करायचंय, मागे हटत नाहीये. १० कॉलेजं टाकता येतात, आमचं एकही ठरेना. माहिती असेल त्यांनी सांगा. पार्किंगचा विषय आज नको, प्लीज.

नाना: लातूरला पाठवा.

आप्पा सी-१०२: लांब कशाला? धुळ्यात कृषी कॉलेज आहेच की.

छोटू शिरवळ: आप्पा, ते राहुरी विद्यापीठाचं, बीएस्सी अ‍ॅग्रीचं. तिथे सीईटी. व्हेटला नीटची परीक्षा लागते. माफसूची (राज्याचं पशुवैद्यक विद्यापीठ) कॉलेजं नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोल्याला. त्यातलं धुळ्यात एकही नाही.

जिभाऊ: आणि २०२२ ला लम्पी राज्यात आधी सापडली ती आपल्या रावेरकडे! शालकाचे दोन बैल गेले. डॉक्टर आला तिसऱ्या दिवशी, तोही पोरांनी गाडी पाठवली म्हणून. पोरीला करू द्या.

नाना: म्हणूनच म्हणतो, लातूर.

जिभाऊ: पोर आत्ते दहावी व्हयनी, नानानी तिले लातूरले धाडी बी दिन्हं 😂

काका ए-३०१: इंटिग्रेटेडला टाका, म्हणजे क्लास आणि कॉलेज एकत्र. कॉलेजात जायची गरजच नाही, हजेरी क्लासवाले बघून घेतात.

सर (निवृत्त): नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोचे. शिवाय बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी मिळून ५० टक्के (खुल्या गटाला). बेडूक काय फोटोत बघणार? इंटिग्रेटेडचा अनुभव ए-३०१ ला आहेच, ते सांगतील.

काका ए-३०१: सर, आपला आदर आहे. पण घरातलं इथे काढू नका. काढायचंच तर मार्चपासूनच्या मेंटेनन्सचंही काढू.

सेक्रेटरी: 🙏 विषयावर राहावे.

मावशी: बायफोकलला (एका विषयाऐवजी घ्यायचा व्यवसाय विषय) डेअरी घे म्हणावं, मार्क पडतात.

छोटू शिरवळ: घेऊ दे, पण गणित सोडून. बायो सोडलं तर खेळ तिथेच संपला. आणि वहिनी, नीटनंतर व्हेटचा अर्ज वेगळा भरावा लागतो. माझा मित्र मेडिकलच्याच याद्या बघत बसला, वर्ष गेलं.

वहिनी बी-२०३: हे कोणीच सांगितलं नव्हतं रे. मग कॉलेज कोणतं?

छोटू शिरवळ: जिथे बायोची प्रॅक्टिकल खरंच होतात, ते. जाऊन लॅबला कुलूप आहे का बघा. व्हेटचं कॉलेज पुढे नीटचे मार्क ठरवतील. त्याआधी सुटीत तिला जिभाऊंच्या गोठ्यात आठ दिवस ठेवा. साडेपाच वर्षं आहेत, त्यात वर्षभर इंटर्नशिप. गाय गाभण आहे का बघायला हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो.

मावशी: जेवत होते रे मी.

नाना: लातूरला हे सगळं शिकवतात.

छोटू शिरवळ: नाना, लातूरला नीट शिकवतात. गाय नाही.

जिभाऊ: पाठवा पोरीला. पहाटे पाचला दूध काढायला उठावं लागेल फक्त.

वहिनी बी-२०३: ती हो म्हणतेय. शाळेसाठी सातला उठत नव्हती 🙄 चालत जाता येईल ते कॉलेज पहिलं टाकलं. उद्या लॅब बघून येते, नसली धड तर पुढच्या फेरीत बदलू.

नाना: दुसरं लातूर टाकलं का?

आप्पा सी-१०२: बी विंगची मोटर कोणी बंद करेल का? अर्ध्या तासापासून टाकी वाहतेय.