जाळीचं दुपटं: १३६ टाके घातले, सहाव्या सुईला १४१ कसे?

तांब्याची_तार

नमस्कार मंडळी. वय ६३, गाव तासगाव, धंदा मोटर रिवाइंडिंगचा. दुकान आता मुलगा बघतो. विणकामात हा गडी कुठून आला असं वाटेल, म्हणून आधी कारण सांगतो.

लेकीला सातवा लागलाय, बाळंतपणाला इकडेच येणार. बाळंतविड्याची कुंची, टोपडी, झबली, लंगोट सगळं तयार आहे. राहिलं फक्त लोकरीचं दुपटं. ते आमच्या घरातून होणार होतं, पण गेल्या महिन्यात ही अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर. लोकर आधीच आणलेली, पांढरी, ५० ग्रॅमचे सात गोळे. चार दिवस गोळ्यांकडे बघत बसली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "अहो, जन्मभर तारा गुंडाळल्या ना? मग आता लोकर गुंडाळा."

सुलट-उलट तिनेच शिकवलं. मफलरीएवढी एक पट्टी काढली, तिला 'बरी आहे' असा शेरा मिळाला. मग लेकीने फोनवर एक अमेरिकन नमुना पाठवला. सोपा आहे, नवख्यांसाठी आहे असं त्यावर लिहिलंय. तो असा:

८ नंबरच्या सुया. १३६ टाके. दोन्ही कडांचे ५-५ टाके कायम सुलट. मधल्या १२६ मध्ये १८-१८ चे सात भाग. पहिली सुई (म्हणजे विणीची पहिली ओळ) सुलट, दुसरी उलट. तिसऱ्या सुईला प्रत्येक भागात दोन टाके एकत्र असं तीनदा, मग लोकर पुढे घेऊन एक सुलट असं सहादा, मग परत दोन एकत्र तीनदा. चौथी सुई सुलट. पुन्हा पहिलीपासून.

कागदावर हिशोब चोख बसतो. तिसऱ्या सुईला सहा टाके जातात, जाळीचे सहा येतात, १८ चे १८. सुईवर मात्र बसत नाही. प्रत्येक सुई संपली की मोजून वहीत लिहिलं:

१३६, १३८, १३८, १३९, १३९, १४१.

तिसऱ्या सुईला जास्तीचे दोन उरले, ते कडेला ढकलून दिले. तीनदा उसवलं, तिन्ही वेळा हेच. मोटरच्या २४ खाचांच्या स्टेटरमध्ये तारेचे वेढे भरताना माझा आकडा कधी चुकला नाही हो. इथे १८ पर्यंत मोजता येईना.

दुसरं दुखणं म्हणजे विणलेलं कापड पुठ्ठ्यासारखं कडक झालंय. उभं केलं की उभं राहतं. कागदात रुंदी ७५ सेंमी, माझी ५२. हिला विचारलं तर ती कागद बघायलाच तयार नाही. "मला लिहिलेलं नको, सुई दाखवा." सुई दाखवली की डाव्या हाताने काहीतरी खुणा करते. त्या मला कळत नाहीत आणि मग आमचं वाजतं.

सुलट_उलट

काका, वहीत आकडे लिहिलेत हे फार छान केलंत. बहुतेक जण नुसतं 'टाके वाढतायत' म्हणतात, मग आम्ही आपले अंदाज करत बसतो.

तुमचे आकडे नीट बघा. दोन टाके कुठे वाढले? दुसऱ्या सुईला आणि सहाव्या सुईला. दोन्ही उलट सुया. म्हणजे तुमची जाळी निर्दोष आहे, उगाच तिच्यावर आळ घेताय. उलट सुईला कडेचे पाच सुलट झाले की लोकर मागे असते. मधले टाके उलट घालायचे तर ती पुढे आणावी लागते. ती दोन सुयांच्या मधून पुढे यायला हवी. तुम्ही सुईच्या वरून आणताय, म्हणजे नकळत जाळीचा एक टाका घालताय. दुसऱ्या कडेला पुन्हा सुलट सुरू करताना वरूनच मागे नेताय, तिथे दुसरा. झाले दोन.

चौथ्या सुईला वाढलेला एक वेगळ्या घरचा आहे. सुई उलटी फिरवल्यावर पहिला टाका बघा. लोकर वरून मागे ओढली गेली की तो टाका सुईवर चढतो आणि दोन पायांचा दिसतो. नवखा माणूस दोन्ही पाय वेगवेगळे विणतो. सुलट सुरू करताना लोकर सुईच्या खालून मागे न्या, वरून नको. पहिला टाका एकटा दिसला की मगच सुई घाला.

खात्री करायची असेल तर कडेच्या पाच टाक्यांना लागून, उलट सुईच्या जागी, एक न मागितलेलं भोक दिसेल. बघून सांगा.

तांब्याची_तार

बघितलं. दोन्ही बाजूंना भोक आहे. हिला दाखवलं, तर म्हणते, "मी हेच तर खुणेनं सांगत होते."

तुमचं बोट बरोबर फॉल्टवर गेलं. पण कडकपणाचं काय? सुया हिच्याच आहेत, जुन्या, करड्या, टोपीवर ८ आहे. कागदातही ८ आहे. तरी शंका नको म्हणून व्हर्नियरने मोजल्या. ४ मिलिमीटर भरल्या.

लोकरगुंडी

व्हर्नियरने सुया मोजणारा माणूस इथे पहिल्यांदाच बघितला, दंडवत घ्या.

काका, घोळ त्या ८ मध्येच आहे. अमेरिकेतली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. आपल्याकडच्या जुन्या सुयांना ब्रिटिश नंबर, त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. वर दोघांची चाल उलटी. तिकडे नंबर वाढला की सुई जाड, आपल्याकडे नंबर वाढला की बारीक. दोन्हीकडे सारखा असा एकच, ७ नंबर, साडेचार मिलिमीटर. तुम्हाला आपल्याकडची ६ नंबर हवी. हल्ली सुईवर मिलिमीटरही छापतात, दुकानात सरळ 'पाच एमएम' म्हणा.

आणि एक सांगते, तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. ब्रिटिश नंबरांचा क्रम तारेच्या गेजवरूनच, म्हणजे जाडीच्या नंबरांवरूनच आलाय. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर. तुमच्या धंद्यातली १० गेजची तार किती असते?

तांब्याची_तार

३.२५१! ८ गेज ४.०६४, ६ गेज ४.८७७. अहो, तक्ता तोंडपाठ आहे. चाळीस वर्षं गेज वाढला की तार बारीक हे घोकत आलो आणि बायकोच्या सुयांच्या डब्यात तोच तक्ता पडलाय याचा पत्ता नाही. मुलाला दुकानात फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक आहे."

६ नंबर उद्या सांगलीहून मागवतो.

सुलट_उलट

सुई बदलेल, हात बदलायचं बघा. वाइंडिंगमध्ये तार ताणून बसवायची सवय, तीच इथे येतेय. टाका सुईच्या टोकावर आवळू नका. टोक निमुळतं असतं, तिथे ओढलात की टाका तेवढाच राहतो. सुईच्या पूर्ण जाड भागावर येऊ द्या आणि तिथेच सोडून द्या, वर आणखी ओढ नको. लोकर करंगळीला दोनदा गुंडाळत असाल तर एकदाच गुंडाळा.

आता दोन सवयी लावून घ्या. एक, प्रत्येक १८ नंतर सुईवर खुणेची कडी घाला. कडेजवळच्या दोन आणि मधल्या सहा, अशा आठ. या विणीत प्रत्येक सुईला प्रत्येक भाग १८ चाच राहतो, त्यामुळे कुठल्या भागात गडबड झाली ते तिथल्या तिथे कळतं, १३६ मोजत बसावं लागत नाही. रंगीत दोऱ्याचे फास केले तरी चालतात.

दुसरी, आधाराचा दोरा. जाळी उसवली की टाके परत सुईवर घेणं महाकठीण, कारण जाळीचा टाका म्हणजे नुसता वेढा, सुटला की नाहीसा होतो. म्हणून दर आठ सुयांनी, चौथी सुई झाल्यावर, बोथट सुईत रंगीत सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढा आणि तसाच राहू द्या. पुढे काही बिघडलं तर तिथवर उसवायचं, टाके दोऱ्यावर शाबूत असतात.

तांब्याची_तार

आधाराचा दोरा म्हणजे फ्यूज. कळलं. पहिल्याच दिवशी का नाही सांगत हे कोणी.

पेठेतला

काका, इतका खटाटोप कशाला? बाजारात रेडीमेड दुपटी ढिगाने मिळतात.

लोकरगुंडी

मिळतात हो. तुम्ही घ्या.

दोन_लेकरांची_आई

काका, न विचारता सांगते, राग मानू नका. जाळीतून बाळाची बोटं अडकतात. माझ्या धाकट्याचा अंगठा असाच अडकला होता, रडून लाल झाला तरी आम्हाला कळेना काय झालंय. जाळी फार मोठी ठेवू नका, आतल्या बाजूला लोकरीची टोकं लोंबती नकोत, नीट ओवून टाका. आणि झोपलेल्या बाळावर हे पांघरूण नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात सैल पांघरूण, उशी काही नसावं. मांडीवर घेताना, बारशाला, फोटोला, दवाखान्यातून घरी आणताना खुशाल वापरा.

शिवाय तासगावात असून असून थंडी किती? मी असते तर सुती दोऱ्याचं केलं असतं.

सुलट_उलट

झोपेबद्दल पूर्ण सहमत. सुती दोऱ्याबद्दल नाही. सुती दोऱ्याला लवचिकपणा कमी, नवख्याच्या हातात टाके लहानमोठे दिसतात, आणि एवढं मोठं दुपटं धुतलं की वजनाने लांबतं. पहिलं दुपटं लोकरीचंच करा. काका, गोळ्याच्या लेबलवर काय लिहिलंय?

तांब्याची_तार

शंभर टक्के ॲक्रिलिक. बोटाची गोष्ट हिला वाचून दाखवली. म्हणाली, बरोबर आहे, आपल्या लेकीचंही असंच झालं होतं, तुम्ही तेव्हा दुकानात होता.

सुलट_उलट

मग शेवटी भिजवून ताणून वाळवलंत तरी ते फारसं ऐकणार नाही. ते खऱ्या लोकरीचं काम. ॲक्रिलिकला वाफ लागते. सतरंजीवर सुती चादर घाला, त्यावर दुपटं हव्या त्या मापाला टाचण्यांनी ताणून लावा. वाफेची इस्त्री बोटभर वर धरून फिरवा. टेकवायची नाही. टेकली की धागा वितळून चपटा होतो आणि परत जिवंत होत नाही. आधी त्या मफलरीच्या पट्टीवर करून बघा. ताणताना खालच्या-वरच्या कडेला आपोआप लाटा दिसतील, त्या सरळ करू नका, या विणीची शोभा तीच. ही वीण मूळची शेटलंडची, स्कॉटलंडच्या उत्तरेच्या बेटांवरची. तिथल्या बायका इतक्या तलम शाली विणायच्या की बोटातल्या अंगठीतून अख्खी शाल आरपार निघे.

तांब्याची_तार *(नऊ दिवसांनी)*

हजेरी लावतो. नव्या सुयांनी पहिल्यापासून सुरू केलं. रुंदी न ताणता ६९ भरतेय. कापड मऊ, हातात घेतलं की ओघळतं. २४ सुया झाल्या, एकदाही टाका वाढला नाही की कमी झाला नाही.

पण पराक्रम केलाय. खुणेच्या कड्या मी तांब्याच्या तारेच्या केल्या, २० गेजच्या, इनॅमलवाल्या, टोकं कानशीने घासून. दिसतात झकास. काल आधाराचा दोरा ओवताना तो टाक्यांतून काढला तसा आठही कड्यांतूनही काढला. आता पुढची सुई घालताना कडी सरकवली की दोरा बरोबर वर येतो आणि खालचे टाके आवळतात. मुलगा म्हणतो कटरने कड्या कापा. ही हसतेय नुसती, प्लास्टरचा हात पोटावर धरून. कापू का?

सुलट_उलट

थांबा, कापू नका! टाके सगळे सुईवर आहेत ना? मग दोरा एका टोकाने हळूच ओढून पूर्ण काढा. कड्या मोकळ्या होतील. पुढच्या वेळी कडीजवळ आलात की बोथट सुई तिच्या खालून न्या.

तांब्याची_तार

काढला. सात कड्या सुटल्या. आठवी टाक्यातच विणली गेली होती, कुठल्या सुईला देवाला ठाऊक. ती कटरने कापली, चिमट्याने ओढली, लोकरीला ओरखडासुद्धा नाही. आज २८ वी सुई झाली. १३६.

एक विनंती आहे. हिचं प्लास्टर सोमवारी निघतंय आणि 'उरलेलं अर्धं मी विणणार' असं तिचं आत्तापासूनच चाललंय. हात बदलला की टाक्याचा ताण बदलतो, एका दुपट्यात दोन हात दिसतात, असं इथे कुणीतरी जाणकाराने लिहा. ती हे रोज वाचते.