न्या न्याकमधल्या 'दहा रचना' सरगमीत उतरवताना मूळ चाल कुणाची धरायची?

बिनतारी
व्हिएतनामच्या न्गुयेन राजांचं दरबारी संगीत, म्हणजे न्या न्याक, ऐकून सरगमीत लिहायचं आहे. सुरुवात 'थाप थू लिएन होआन'पासून केली, सलग वाजणाऱ्या दहा रचना. सूर तर सा रे म प ध एवढेच, सरळसरळ दुर्गा राग. तरी लिहायला बसलं की गाडं अडतं. बासरी एक वाजवते, छेडायची वाद्यं दुसरंच, गजाचं वाद्य तिसरंच. मग चाल कुणाची खरी? एक रचना संपून दुसरी कधी लागली तेही कळत नाही. त्यात भर म्हणजे याच नावाखाली मिळणारी काही ध्वनिमुद्रणं नुसती ढोल-सनईची आहेत, तर काहींत बाई गाते आहे. हे सगळं एकच का?

जुनी_तबकडी
शेवटच्या प्रश्नापासून घेतो. ध्वनिमुद्रणच भलतं असेल तर पुढची मेहनत वाया जाईल.

ढोल-सनई वाटतं तो 'दाय न्याक', मोठा ताफा. त्यातलं सनईच्या जातीचं वाद्य म्हणजे केन: तोंडाशी दुहेरी पत्ती, शंकूसारखी नळी, पुढे सात भोकं आणि मागे अंगठ्यासाठी एक. वादक गालात साठवलेली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. सोबत ढोल, झांजा आणि म्हशीच्या शिंगाचं टोकायचं वाद्य. हे पटांगणातलं, समारंभाचं संगीत. मिन्ह मांग राजाच्या काळात (१८२०–१८४१) या ताफ्यात २० ढोल आणि ८ केन होते. आज रंगमंचावर दिसतो तो त्याचा बराच आटलेला अवतार.

तुम्हाला हवा आहे तो 'तिएउ न्याक', लहान ताफा. दान न्गुयेत (गोल खोक्याचं, दोन तारांचं), ती बा (चार तारा), दान ताम (तीन तारा, सापाचं कातडं, पडदे नाहीत), दान न्यी (दोन तारा, गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून जातात), दोन आडव्या बासऱ्या, एक चपटा छोटा ढोल, चौकटीत बसवलेल्या तीन लहान थाळ्या आणि जुनी नाणी लावलेली लाकडी चिपळी, सिन तिएन. दहा रचना याच ताफ्याच्या.

बाई गाते ते बहुधा 'का ह्वे'. न्गुयेन राजांच्या राजधानीचं, ह्वे शहराचंच, पण बैठकीचं गाणं; हुओंग नदीवर नावांमधून पर्यटकांना ऐकवतात ते हेच. ताल धरायला चहाच्या कपांची किणकिण ऐकू आली की शंका ठेवू नका. घोळ एवढाच, की याच दहा रचना का ह्वेमध्येही वाजतात आणि गायल्या जातात. तेव्हा रचनेच्या नावावर विसंबू नका, वाद्यं ओळखा. बासऱ्या, थाळ्या आणि छोटा ढोल तिन्ही ऐकू आले तर तुम्ही बरोबर ठिकाणी आहात.

मात्रामोजणी
क्रम असा: फाम तुएत, न्गुयेन तिएउ, हो क्वांग, लिएन होआन, बिन्ह बान, ताय माय, किम तिएन, सुआन फोंग, लोंग हो, ताऊ मा. पहिली संथ, पुढे लय चढत जाते, आणि शेवटची ताऊ मा, म्हणजे दौडता घोडा, नावाप्रमाणेच धावते. कार्यक्रमांत बरेचदा दहाही वाजत नाहीत, तीन-चार निवडून जोडतात. म्हणून मोजणीत दहा भरल्या नाहीत तर आधी कार्यक्रमपत्रिका बघा.

सांधे सापडत नाहीत, कारण तुम्ही ते तारांच्या वाद्यांत शोधताय. ती थांबतच नाहीत. ताफा चालवतो ढोलवाला. सुरुवात, लय वाढवणं, पुढच्या रचनेत शिरणं, शेवट, सगळं त्याच्या टिपऱ्यांवर ठरतं. सूर न बदलता वेग निम्मा करणारं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या आणि पहिल्या फेरीत एकही स्वर लिहू नका. फक्त ढोल आणि चिपळीच्या खुणा करा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ढोलाचे बोल जिथे एकदम दाट होतात आणि लगेच लय उचलली जाते, तिथे सांधा तपासा.

दुसरी चूक मात्रा मांडण्याची. ओळ जोरकस ठोक्यावरून सुरू होते असं धरलं की सगळं एका घराने सरकतं. इथे ओळ ठोक्यावर *येऊन पडते*. त्यामुळे ओळीचा शेवटचा स्वर ठोक्याखाली लिहा आणि तिथून मागे मोजत जा. असं केलं की निम्मा गोंधळ मिटतो.

खर्जातला
आता स्वरांचं. तिथली अक्षरं हो, सू, सांग, से, कोंग. वरच्या सप्तकातला हो म्हणजे लिउ, वरचा सू म्हणजे ऊ. हो=सा धरलं तर सा रे म प ध जुळतात, हे बरोबर. पण हो कुठल्या पट्टीला ते ठरलेलं नाही, ताफ्याप्रमाणे बदलतं. बासरीचा आणि केनचा सूर भोकांनी बांधलेला असल्यामुळे तारा त्यांना जुळवून घेतात. कोंग आणि लिउच्या मध्ये 'फान' नावाचा स्वरही अधूनमधून येतो. तो वादकाची चूक समजून वहीतून गाळू नका.

दुर्गाची संगत मात्र सोडा. इथे षड्ज टिकवून धरणारा तंबोरा नाही, ओळी वेगवेगळ्या स्वरांवर विसावतात. दुर्गाच्या न्यासाच्या जागा मनात धरून ऐकलं तर विसाव्याचे स्वर चुकीचे ऐकू येतात, आणि ते इथे सगळ्यात महत्त्वाचे. दहाही रचना 'बाक' या उत्साही वळणाच्या आहेत, म्हणून आराखडा सरळ आहे. 'नाम' वळणाच्या रचनांत काही स्वर मुद्दाम जरा चढे किंवा उतरे ठेवून हलवतात. तिथे नुसती सरगम पुरत नाही, आंदोलनाची खूण लागते.

मूळ चाल कुणाची? कुणाचीच नाही. सगळ्यांच्या मनात एक हाडाचा सांगाडा असतो, 'लोंग बान'. शिकताना तो साधा पाठ करतात, वाजवताना प्रत्येक जण आपल्या वाद्याच्या सोयीने पानाफुलांनी भरतो. लिहायची पद्धत अशी:

बासरी, दान न्गुयेत आणि दान न्यी यांच्या तीन ओळी एकाखाली एक लिहा. ठोक्यांवर तिघं ज्या स्वराला एकत्र येतात ते लाल शाईने काढा. ओळीच्या शेवटी ते जवळजवळ नेहमी जुळतात, मधे कमी. हे लाल स्वर म्हणजे सांगाडा. सप्तकाकडे दुर्लक्ष करा. एखादा खालचा स्वर बासरीच्या पल्ल्यात नसेल तर ती तो वर घेते, आणि कागदावर उगाच मोठी उडी दिसते.

दान न्गुयेतच्या मींडेबद्दल एक. त्याचे पडदे उंच असतात, तार पडद्यांमध्ये दाबून स्वर चढवतात. दाबून स्वर वरच जातो, खाली येतो तो सोडल्यावर. म्हणून बोट खालच्या पडद्यावर आणि ऐकू येतो वरचा स्वर, असं सतत होतं. व्हिडिओत बोटांची जागा पाहून लिहिलंत तर फसाल, कानावर लिहा.

बिनतारी
ढोल आधी, हे पटलं. दाय न्याकमधलं आणि समारंभाचं काही घ्यायचं तर कुठून?

जुनी_तबकडी
'ताम लुआन कुउ चुएन' घ्या. समारंभाच्या आरंभीची रचना, तीन फेऱ्या आणि प्रत्येकीत तीन वळणं, एकूण नऊ. रचनाच मोजता येण्यासारखी आहे, त्यामुळे ढोलाच्या खुणा करण्याचा सराव होतो. मग 'दांग दान कुंग'. न्गुयेन दरबाराचं राष्ट्रगीत म्हणून हीच चाल वापरली गेली.

यज्ञविधींच्या गीतमालांना हात घालताना मात्र सांभाळून. नामजाओ वेदीवरच्या आकाश-पृथ्वीच्या पूजेत दहा गीतं, प्रत्येकाच्या नावात 'थान्ह'. पूर्वजांच्या मंदिरात नऊ, नावात 'होआ'. मोठ्या दरबारात पाच, नावात 'बिन्ह'. नावावरून प्रसंग कळतो, हे सोयीचं. पण शब्द बखरींतून टिकले, चाली बहुतेक गेल्या. नामजाओची पूजा १८०७पासून दरवर्षी, पुढे तीन वर्षांतून एकदा, आणि १९४५मध्ये राजेशाहीबरोबर थांबली. आज १२ घंटा आणि १२ दगडी पट्ट्यांसह ऐकू येतं ते बरंचसं नव्याने बसवलेलं आहे. ते वहीत घेतलंत तर वर 'पुनर्रचना' असा शेरा मारा. दहा रचना वादकांच्या घराण्यांतून हातोहात आल्या आहेत, त्यांची वही वेगळी ठेवा.

मात्रामोजणी
आणि प्रत्यक्ष ह्वेला जाणार असाल तर राजवाड्यातलं दुयेत थी दुओंग नाट्यगृह, १८२६चं. तिथले कार्यक्रम छोटे, नृत्य आणि संगीताची मिसळ. ढोलवाल्याचे हात दिसतील अशा बाजूची खुर्ची धरा, समोरची मधली नको.