मोठ्या प्रकल्पात फंक्शनल रचना: प्युअर गाभा आणि पातळ कवच, एवढं पुरतं का?

कवडसा
माझं मत आधीच सांगून टाकतो. लाखभर ओळींचा फंक्शनल प्रकल्प सांभाळायला ना फ्री मोनॅड लागतो, ना टॅगलेस फायनल (बाहेरची कामं टाइपमध्ये मांडायच्या या दोन पद्धती). निर्णय घेणारा कोड प्युअर फंक्शनांत ठेवा, म्हणजे त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणाऱ्या आणि बाहेर काही न बदलणाऱ्या फंक्शनांत. डेटाबेस, घड्याळ, नेटवर्क यांना हात लावणारा कोड बाहेरच्या पातळ कवचात. बस्स.

ऑर्डर रद्द करण्याचं उदाहरण घ्या. ‘रद्दनिर्णय’ हे फंक्शन तीन गोष्टी घेतं: ऑर्डर, आत्ताची वेळ आणि रद्द करण्याचे नियम. घड्याळ ते स्वतः बघत नाही, वेळ बाहेरून मिळते. उत्तर म्हणून एक सम टाइप, म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी एकच असणारा टाइप, येतो: एक तर कारणासह नकार, नाही तर कृतींची यादी, म्हणजे परतावा द्या, साठा परत जमा करा, ईमेल पाठवा. कवच ती यादी वाचून कामं करतं. टेस्टला मॉक (खोटी बदली वस्तू) नको, डेटाबेस नको. मुदत संपायच्या १ सेकंद आधी आणि १ सेकंद नंतर काय होतं, हे दोन ओळींत तपासता येतं.

पथ्य एकच. स्वतःच्या सम टाइपवर केस लिहिताना शेवटी ‘बाकी सगळं’ पकडणारा अंडरस्कोर ठेवू नका. उद्या ‘अंशतः रद्द’ हा नवा कन्स्ट्रक्टर (टाइपचा पर्याय) आला की राहिलेल्या सगळ्या जागा कंपायलरने दाखवायला हव्यात. अंडरस्कोर असेल तर तो गप्प बसतो आणि चुकीचा परतावा गेल्यावरच घोळ कळतो. अपूर्ण पॅटर्नची वॉर्निंग एरर म्हणूनच चालू ठेवा.

सागरगोटा
उदाहरण सोयीचं निवडलंय. लागणारी माहिती सगळी आधीच हातात आहे, असं तुम्ही धरून चाललात. पैसे कूपनने भरले असतील तरच कूपनची नोंद लागते, आणि ते कळतं ऑर्डर वाचल्यावर. मग दोनच वाटा उरतात. सगळं आधीच वाचून ठेवा, म्हणजे कूपन नसलेल्या ऑर्डरींसाठीही फुकटची क्वेरी. किंवा ‘कूपन आहे का’ ही तपासणी कवचात न्या. मग कवच पातळ राहत नाही आणि नियम दोन ठिकाणी विखुरतात.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. गाभा निर्णय घेतो तो वाचलेल्या प्रतीवर. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वेळात दुसऱ्या विनंतीने तीच ऑर्डर वाचली, तर दोघींनाही ‘परतावा द्या’ हेच उत्तर मिळणार. फंक्शन प्युअर, तरी परतावा दोनदा.

कवडसा
यावर उपाय आहे, आणि फंक्शन प्युअर असल्यामुळेच तो सोपा होतो. ऑर्डरच्या टेबलात आवृत्ती क्रमांकाचा कॉलम ठेवा. वाचताना ७ मिळाला असेल तर लिहिताना अट घाला: आवृत्ती अजून ७ असेल तरच बदल कर आणि ८ लिही. शून्य ओळी बदलल्या तर मध्ये कुणीतरी लिहून गेलंय. वाचन, निर्णय, लेखन हा फेरा पहिल्यापासून करा. निर्णयात बाहेर काहीच घडत नाही, त्यामुळे तो कितीदाही चालवला तरी बिघडत नाही.

मात्र ईमेल आणि परतावा त्या फेऱ्यात करायचे नाहीत. त्यांची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या यादीत टाका, वेगळा वर्कर ती उचलेल. काम करून खूण करण्याआधीच वर्कर कोसळला तर तेच काम तो पुन्हा करणार. म्हणून परताव्याच्या विनंतीसोबत दर वेळी तीच आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आलीय हे ओळखायची खूण, गेली पाहिजे. ही की नोंद टाकतानाच ठरवा. पाठवताना नवी बनवलीत तर काही उपयोग नाही.

कूपनसाठी निर्णयाच्या टाइपला आणखी एक कन्स्ट्रक्टर द्या: ‘कूपन हवं’, सोबत कूपनचा क्रमांक आणि कूपन मिळाल्यावर चालवायचं फंक्शन. कवच कूपन आणतं, फंक्शन चालवतं, नवा निर्णय मिळतो.

रानवारा
अहो, हाच तर फ्री मोनॅड! ‘ही माहिती आण आणि मग हे फंक्शन चालव’ असा डेटाटाइप तुम्ही लिहिलात, फक्त मोनॅडचा (पायऱ्या एकामागून एक जोडायच्या रीतीचा) इन्स्टन्स, म्हणजे तुमच्या टाइपसाठीची अंमलबजावणी, राहिलाय. कूपननंतर वॉलेट येईल, मग कर. फंक्शनात फंक्शन अडकत जाईल आणि डू नोटेशन (पायऱ्या ओळीने लिहायची सोय) मिळावं म्हणून तो इन्स्टन्स तुम्हीच लिहाल. त्यापेक्षा टॅगलेस फायनल सरळ. ‘कूपनवाचन’ हा टाइपक्लास, म्हणजे कोणती कामं करता येतील याची यादी, केला की सिग्नेचरच (फंक्शनचा लिहिलेला टाइप) सांगते: हे फंक्शन कूपन वाचतं, दुसरं काही करत नाही. टेस्टमध्ये स्टेट मोनॅडवरचा (डेटाबेसऐवजी मेमरीतल्या स्थितीवर चालणारा) इन्स्टन्स द्या.

तिठा
टॅगलेसची किंमतही सांगा ना. हॅस्केलमध्ये असं मोठं फंक्शन दुसऱ्या मॉड्यूलमधून वापरलं आणि त्यावर इनलाइनेबल प्राग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) नसला, तर जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर ते सहसा स्पेशलाइज करत नाही, म्हणजे नेमक्या टाइपसाठी खास आवृत्ती बनवत नाही. मग प्रत्येक बाइंड (दोन पायऱ्यांचा जोड) डिक्शनरीतून, म्हणजे टाइपक्लासच्या फंक्शनांच्या तक्त्यातून जातो, आणि वारंवार चालणाऱ्या लूपमध्ये ते जाणवतं.

खरा घात पुढे होतो, आयओवर (बाहेरची कामं करणारा टाइप) स्टेट-टी, म्हणजे बदलती स्टेट पुढे नेणारा थर, बसवला की. एक्सेप्शन आलं की तोवरची स्टेट गेली, आणि दोन थ्रेड सुरू केले की प्रत्येकाकडे वेगळी प्रत. म्हणून रीडर-टी (सगळ्यांना एकच संदर्भ पुरवणारा थर) घ्या आणि त्यात आयओरेफ किंवा टीव्हार (मेमरीतल्या बदलता येणाऱ्या जागा) ठेवा. तिथेही साध्या ‘मॉडिफाय आयओरेफ’ने थंक (पुढे ढकललेली, न केलेली गणितं) साचत जातात. प्राइमवाला (नावाच्या शेवटी ' असलेला) घेतलात तरी तो फक्त वरचा कन्स्ट्रक्टर उघडतो. आत बेरीज आणि संख्या यांची जोडी असेल तर दोन्ही आकडे न मोजलेलेच राहतात आणि मेमरी चढत जाते. जोडीऐवजी स्ट्रिक्ट (लगेच मोजल्या जाणाऱ्या) फील्डचा रेकॉर्ड वापरा.

कवडसा
रानवारा, फ्री मोनॅडशी नातं मान्य. पण माझा टाइप एका रद्दीकरणापुरता आहे आणि तो एकाच मॉड्यूलमध्ये राहतो. तुमचे टाइपक्लास प्रकल्पभर पसरतात. सिग्नेचरमध्ये टाइपक्लासच्या सात अटी जमल्या की वाचणाऱ्याच्या लेखी तिच्यात आणि आयओत फरक काय उरला?

रानवारा
फरक हा, की फंक्शन फार कामं करतंय हे त्या सात अटींमुळे दिसतं. आयओ लिहिलं असतं तर दिसलंही नसतं. ते फोडा. कूपन वाचणारा भाग वेगळा काढला की त्याच्याकडे एकच अट उरते आणि परतावा ठरवणाऱ्या भागाकडे एकही नाही. तो तुमचाच प्युअर गाभा आहे, आणि तो प्युअर आहे की नाही हे इथे कंपायलर तपासतो.