लायब्ररीतली चित्रांची पुस्तकं आणि मांडीवरचं पिल्लू: तुमचे अनुभव लिहा

कंदील:
काल लायब्ररीत सहज एक चित्रांचं पुस्तक उघडलं. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर ओळीने तीन तारखा आमच्याच! लेक तेव्हा अडीच वर्षांची होती, आता माझ्या खांद्याला लागते. छत्री शोधणाऱ्या अस्वलाची गोष्ट. मी आपली अक्षरं वाचत सुटायचे. एकदा तिने माझा हात धरून थांबवलं आणि कोपऱ्यात बोट ठेवलं, "ही पण चाललीये." प्रत्येक पानावर एक गोगलगाय होती, मला दिसलीच नव्हती. परत करायच्या दिवशी पुस्तक पोटाशी धरून बसायची, म्हणून त्या तीन तारखा. काल तिथेच डोळे भरून आले. लिहा ना तुमचंही.

पाऊलवाट:
आमच्याकडे बेडूक! रोज रात्री तेच पुस्तक, एक शब्द इकडचा तिकडे झाला की "असं नाईये". आधी कंटाळायचे. मग लक्षात आलं, पुस्तक तेच असलं तरी प्रश्न नवा असतो. आधी "हा कोण?", आठवड्याने "हा का ललतो?"

शाई:
बालविभाग सांभाळते, म्हणून कळकळीने सांगते. पान फाटलं तर घरी सेलोटेप लावू नका. तो डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. तसंच आणा, आम्ही नीट करतो. आणि पोराला रागावू नका हो. आपले ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच हे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात.

दुपार:
@शाई आणि कोपरे चावले तर? माझं दोन महिन्यांचं आहे. इतक्यात आणू का पुस्तकं?

शाई:
जाड पुठ्ठ्याची ने, पुसता येतात.

पाऊलवाट:
आण गं! सुरुवातीला बाळांना २०-३० सेंमीवरचंच नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर तुझा चेहरा जेवढा लांब तेवढंच. ठळक काळी-पांढरी चित्रं बघ. झोपतं का रात्री?

दुपार:
कुठलं! उठलंच बघ आत्ता, येते.

जुनं दप्तर:
मोतीबिंदूमुळे आईला अक्षरं दिसेनाशी झाली होती. चार वर्षांचा नातू तिच्या मांडीवर बसून चित्रं बघत तिलाच गोष्ट सांगायचा. पान उलटायच्या आधी विचारायचा, "आजी, झालं तुझं बघून?" ती रोज म्हणायची, "थांब, अजून थोडं."