बाबांचं क्रिएटिनिन ३.१ आलंय, सकाळपर्यंत थांबू का?

उंबरठा: बाबा ७१ वर्षांचे. तीन दिवस जुलाब-उलट्या होत्या, आज थांबल्या. पण काल रात्रीपासून लघवी जेमतेम कपभर, तीही गडद. संध्याकाळी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) ३.१, पोटॅशियम ६.४. चार महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन १.० होतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी रोज असते. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, ती जुलाबातही चालूच होती. काका म्हणतात, भरपूर पाणी पाज, उद्या बघू. बाबा नीट बोलतायत, चालतायत. थांबलं तर चालेल ना?

रात्रपाळी: नाही. आधी ॲम्ब्युलन्स बोलवा, बाकीचं वाटेत वाचा. मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. क्रिएटिनिनपेक्षा मला तुमच्या दुसऱ्या आकड्याची धास्ती वाटते. पोटॅशियम इतकं चढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि आधी काही जाणवेलच असं नाही. बोलता बोलता माणूस कोसळतो. दारातच 'पोटॅशियम ६.४, लघवी जवळजवळ बंद' असं सांगा. नुसतं 'अशक्तपणा आहे' म्हणालात तर रांगेत बसवतील.

ईसीजी बिघडलेला दिसला तर शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला तेवढा वेळ मिळतो. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, म्हणजे पोटॅशियम रक्तातून पेशींत जातं. 'यांना शुगर नाही, इन्सुलिन कशाला?' म्हणून हुज्जत घालणारे नातेवाईक मी खूप पाहिलेत. तुम्ही घालू नका. एवढ्यानेही नाही उतरलं, किंवा फुप्फुसांत पाणी साचलं, तर डायलिसिस.

तिन्ही गोळ्या आता देऊ नका, पाकिटं सोबत घ्या. जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं असताना हे त्रिकूट किडनीतला रक्तपुरवठा आणखी तोडतं. पाण्याचं म्हणाल तर लघवीच होत नसताना तांब्यावर तांबे पाजू नका. सलाईन किती द्यायचं ते तपासून ठरवतात. फळांचा रस तर नकोच, त्यातही पोटॅशियम असतं.

जुनाखोकला: सोनोग्राफीचंही विचारा. माझ्या सासऱ्यांची लघवी अशीच थांबली होती. किडनी बरी होती, प्रोस्टेटने वाट अडवलेली. नळी घातली आणि लिटरभर बाहेर आली!

उंबरठा: रात्रीच आणलं. ईसीजीत बदल होते, कॅल्शियम आणि इन्सुलिन दोन्ही दिलं. सोनोग्राफीत अडथळा नाही. सलाईन चालू आहे, पोटॅशियम ५.३ झालं. पण क्रिएटिनिन ३.६! वाढलंच की.

रात्रपाळी: क्रिएटिनिन मागून येतं, एखाद-दोन दिवस चढू शकतं. पिशवीत लघवी किती जमते ते विचारा. ७० किलोच्या माणसाला तासाला निदान ३५ मिली हवी.

उंबरठा: पहाटेपासून तासाला चाळीसच्या वर आहे. काका आता पिशवीकडे बघत बसलेत.