युरोपातल्या केंद्रांसोबतची औषध-चाचणी: विमा आणि रक्तनमुन्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे रुग्णांवरच्या औषध-चाचण्यांचं काम सांभाळते. क्षयरोगाच्या एका शैक्षणिक (म्हणजे औषध कंपनीची नसलेल्या) चाचणीत आमचं केंद्र युरोपातल्या दोन केंद्रांसोबत काम करणार आहे. औषध आधीच मान्यताप्राप्त आहे, बदलतोय तो फक्त डोस.

त्यांच्याकडे २०२२ पासून चाचणीच्या मंजुरीसाठी युरोपीय संघातल्या सगळ्या देशांना मिळून एकच ऑनलाइन अर्ज चालतो. आपल्याकडे मात्र एथिक्स कमिटी, सीटीआरआय (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी आणि परदेशी सहकार्य म्हणून आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी, हे सगळं वेगवेगळं. त्याची तयारी सुरू आहे.

अडलंय ते विम्यावर. तिकडच्या विद्यापीठाची पॉलिसी भारतातल्या रुग्णांना लागू होत नाही. आणि आपल्याकडच्या २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई प्रायोजकाने (चाचणीची जबाबदारी घेणाऱ्याने) द्यायची असते. मग भारतातला प्रायोजक कोणाला दाखवायचं? आमच्या संस्थेला की त्यांच्या इथल्या प्रतिनिधीला? कोणी असा करार केला असेल तर भरपाईचं कलम कसं लिहिलं होतं, ते कृपया सांगा.

दुसरं म्हणजे रक्ताचे नमुने. जुन्नरकडच्या एका आजींनी मला विचारलं, "माझं रगत तिकडं कशापायी नेतात?" मला नीट उत्तर देता आलं नाही, ते अजून मनाला लागून आहे. नमुने परदेशात किती वर्षं राहतील आणि नंतर त्यांचं काय होईल, हे सोप्या मराठीत लिहिलेलं संमतिपत्र कोणाकडे आहे का? रुग्णांची माहिती काढून फक्त संमतिपत्राचा मजकूर पाठवला तरी चालेल. एथिक्स कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.