संघ बदलणे हा कमीपणा नव्हे
सतत संघ बदलावे लागणारा खेळाडू कमी प्रतीचाच असतो, हे मत मला मुळीच पटत नाही. बास्केटबॉलपटू ईश स्मिथला एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणीही निवडले नव्हते. तरीही जेमतेम सहा फूट उंचीचा हा पॉइंट गार्ड (संघाच्या चाली रचणारा खेळाडू) एनबीएच्या १३ संघांकडून खेळला, जो त्या लीगमधील विक्रम आहे, आणि २०२३ मध्ये डेन्व्हर संघाबरोबर विजेताही ठरला. पुष्कळदा पगारांची गणिते जुळवण्यासाठीच खेळाडूंची अदलाबदल होते. शिवाय दर नव्या संघात सारे डावपेच पुन्हा शिकावे लागतात. इंदूरच्या रेसकोर्स रोडवरील बास्केटबॉल संकुलात बाहेरगावाहून आलेला एक मुलगा पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकाला, ‘पास छातीवर देऊ की टप्पा देऊन?’ असे विचारत होता. आठवड्याभरात सगळे चेंडू त्याच्याच हाती सोपवू लागले.